जिंकलेली ढाबळ

सकाळी सव्वानऊ वाजता विलास चौगुलेचं पहिलं कबूतर गच्चीवर येऊन बसलं. साडेनऊपर्यंत उरलेली सहाही बसली. ती उजाडताना सोडली होती आणि त्यांनी निदान दुपारी चारपर्यंत आभाळात राहणं अपेक्षित होतं.

मी त्या गच्चीवर पंच होतो. गोष्ट १९८८ सालच्या एप्रिलमधली, मिरजेतली. मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकाचा मिरजेतला बातमीदार होतो. कबुतरांच्या लढतीला पंच हवा असला की मंडळी माझ्याकडे येत, कारण मला कबुतरांतलं काही कळत नव्हतं. ज्याला कळतं तो कुणाचा ना कुणाचा माणूस असतो, असा तिथला अनुभव होता. काम सोपं होतं. सतरंजीवर बसून वर बघायचं आणि पाखरू खाली टेकलं की वेळ सांगायची. संध्याकाळी मान धरते, एवढाच त्रास.

लढत विलास आणि त्याचे सासरे गणपतराव आवटी यांच्यात होती. आवटींना सगळी पेठ नाना म्हणायची, विलास मामा म्हणायचा. त्यांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं आणि दोन गल्ल्या पलीकडे तीन मजली घर. त्यांची गच्ची विलासच्या गच्चीवरून दिसायची. नानांचा आवाज तर न बघताही ऐकू यायचा.

पैज नानांनीच लावली होती. हरणाऱ्यानं आपली ढाबळ, म्हणजे कबुतरांचं लाकडी घर, जिंकणाऱ्याच्या गच्चीवर स्वतः नेऊन मांडायची आणि पुन्हा पाखरू पाळायचं नाही. विलासनं लग्नानंतर दोन नोकऱ्या सोडल्या होत्या, दोन्ही उन्हाळ्यात, लढतींच्या हंगामात. ढाबळ गेली की तो आवटींच्या दुकानात घागरी पुसायला बसणार, हे नानांनी चारचौघांत सांगून ठेवलं होतं. ढाबळ राहिली तर तो विलास उस्ताद राहणार होता. पेठेत त्याला दुसरी ओळख नव्हती.

नानांची सातही कबुतरं डोक्यावर ठिपक्यांएवढी फिरत होती. पलीकडून हाक आली.

"जावईबापू! पाखरं चहाला आली काय?"

विलास गुडघ्यावर बसून आपल्या सर्वांत नावाजलेल्या नराकडे बघत होता. त्या नराचं नाव कलेक्टर. वर गेला की कुणाकडे बघत नाही, म्हणून ते नाव. आता कलेक्टर चोच उघडी टाकून कठड्याला टेकला होता.

"साखर कमी घाला म्हणावं," नाना ओरडले. "वजन वाढलं असंल."

"नाना, गप्प बसा की!" हे विलासची बायको मंगल जिन्यातून वर येता येता ओरडली. नानांची ती एकुलती मुलगी. बापाला गप्प करू शकणारी मिरजेत ती एकटीच होती, आणि तेही फार वेळ जमायचं नाही.

विलास माझ्याकडे वळला. "पंचसाहेब, विषप्रयोग हाय. लिहून घ्या."

"मी वेळ सांगतो," मी म्हणालो. "विष सांगत नाही."

"मग करणी हाय. काल अमावस्या झाली."

"अमावस्या सगळ्यांचीच झाली," मंगल म्हणाली. "नानांची पाखरं काय दुसऱ्या गावच्या आभाळात हायत?"

नियम असा होता की पाखरं आजारी निघाली तर लढत रद्द. मात्र तक्रार मालकानं स्वतः, त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आत कबूतरवाल्यांच्या मंडळाच्या कट्ट्यावर येऊन करायची. पंचानं नाही, शेजाऱ्यानं नाही, बायकोनं तर नाहीच. विलासजवळ पूर्ण दिवस होता. त्याला फक्त आजार हवा होता.

त्याच्या मते आजार शक्यच नव्हता. ढाबळ तो रोज झाडायचा, फिनेलनं पुसायचा. पाखरांना बाजरी आणि हरभरा तर होताच, वर भिजवलेले बदाम, तुपात परतलेली खसखस. हे तो मला सांगत असताना मंगल शेजारी उभी होती.

"मला बाळंतपणात चार बदाम दिले होते," ती म्हणाली. "तेही कलेक्टरनं टाकलेले."

"टाकलेले नव्हते, उरलेले होते."

"बरं, उरलेले. आता त्या डॉक्टरीणबाईंना बोलवा. दिवस चाललाय."

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर कित्तूरबाई दुपारी लूनावरून आल्या. त्या म्हशींच्या डॉक्टर म्हणून ओळखल्या जायच्या, आणि कबुतरासाठी बोलावल्याबद्दल त्या जराही खूश नव्हत्या. त्यांनी कलेक्टरची चोच उघडून आत पाहिलं, मग पापणी ओढून पाहिली, मग पंख उचलून काखेतली पिसं फुंकरीनं बाजूला केली.

"रक्त नाही ह्याच्या अंगात."

"म्हणजे?" विलास म्हणाला.

"म्हणजे नाही. कुणीतरी पिऊन टाकलंय."

"मी सांगत होतो, करणी…"

"अहो, गोचिडी," कित्तूरबाई म्हणाल्या. "हे बारीक लाल डाग बघा."

विलास हसला. खरंच हसला. "बाई, मी रोज रात्री झोपायच्या आधी एकेक पाखरू हातात घेतो. अंगावर एक गोचीड दाखवा, मिशी काढतो."

"अंगावर नसणारच. म्हशीला लागते ती गोचीड वेगळी. ती चिकटून बसते, टम्म फुगते, एकदाच हजारो अंडी घालते आणि मरते. साधी भोळी. ही मऊ कातडीची. ही रात्री अंधार पडला की येते, अर्ध्या तासात पोट भरते आणि उजाडायच्या आत घरी जाते."

"घरी म्हणजे कुठं?"

बाईंनी पिशवीतून सुरी काढली आणि ढाबळीपाशी जाऊन बसल्या. ढाबळ देखणी होती. जुनं सागवान, कोरलेले खांब, वर लहानसा घुमट. दोन फळ्यांच्या सांध्यात त्यांनी सुरीचं टोक घातलं आणि पीळ दिला. सांधा केसभर उघडला. आतून चिंचोक्याच्या सालांसारखं काहीतरी खाली सांडलं. तपकिरी, चपटं, सुरकुतलेलं. मग ती सालं चालू लागली.

विलास उठून दोन पावलं मागे सरला. मी चार.

"ह्या म्हाताऱ्या," बाई सुरीनं दाखवत म्हणाल्या. आता त्यांना जरा मजा येऊ लागली होती. "हे मधले, अजून वयात न आलेले. आणि हे बारीक दाणे, खसखशीसारखे दिसतायत ना, ती अंडी. नर-मादी ह्या फटीतच भेटतात. लग्न फटीत, बाळंतपण फटीत. मादी पोटभर पिऊन आली की पाच-पन्नास अंडी घालते. मग पुन्हा जेवून येते, पुन्हा घालते. एकदाच घालून मरायचा वेडेपणा ही करत नाही."

"आणि पोरं?" मंगलनं विचारलं.

"पोरं सहा पायांची निघतात. ती मात्र पाखराच्या पंखाखाली सात-आठ दिवस चिकटून राहतात. तेवढ्यात कुणी बघितलं तर दिसतात, पण तीळभर असतात, कोण बघतो? मग गळून पडतात, फटीत जाऊन कात टाकतात, आठ पाय येतात. पुढं प्रत्येक कात टाकायच्या आधी एक जेवण."

"म्हणजे," विलास सावकाश म्हणाला, "संसार माझ्या फळीत आणि जेवायला माझ्या पाखरांकडं."

"बदामाचं रक्त," मंगल म्हणाली. "अंगाला लागतंय बघा."

"तू गप्प बस."

"घरजावयांनासुद्धा एवढी बडदास्त नसते, तेवढंच म्हणत होते."

कित्तूरबाईंनी सुरी पुसली. "औषध देते, पण ते वरवरचं. फळ्या सुट्या करून जाळा. उपाशी ठेवून मरतील अशा आशेवर राहू नका. मोकळ्या खुराड्यात ह्या दोन-तीन वर्षं काही न खाता पडून राहतात. पाखरं आली की पहिल्याच रात्री कामाला लागतात. हे लाकूड कुठून आणलं होतं?"

पलीकडून नानांची शीळ ऐकू आली. त्यांची पाखरं अजून वर होती.

"आंदणातलं," मंगल म्हणाली.

मग मला कळलं ते असं. लग्नात नानांनी जावयाला आपली जुनी ढाबळ दिली होती. तिला पेठेत मान होता. नानांच्या तरुणपणी त्या ढाबळीतली पाखरं दिवस दिवस उतरत नसत. पुढं काय झालं कुणास ठाऊक, एका उन्हाळ्यात ती लवकर खाली बसू लागली. नानांनी ढाबळ रिकामी करून माळ्यावर टाकली आणि नवी बांधली. दोन वर्षांनी मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा जुनी खाली काढून तिला पॉलिश केलं, वर झेंडूची माळ घातली आणि वरातीत बैलगाडीवर ठेवून वाजतगाजत पाठवली. विलास त्या दिवशी नवरीपेक्षा ढाबळीकडं जास्त बघत होता, असं मंगल म्हणाली. ढाबळीचे सांधे उघडून बघावेत असं कुणाच्याही मनात आलं नाही. आंदणाच्या वस्तूत कुणी सुरी घालत नाही.

बाई गेल्या. विलास कठड्याला पाठ लावून बसला.

"सुटलात," मंगल म्हणाली. "कट्ट्यावर जाऊन सांगा. पाखरं आजारी होती. पंच हायत, डॉक्टरीणबाई हायत. लढत रद्द."

"काय सांगू?"

"हेच. गोचिडी झाल्या म्हणून."

"माझ्या ढाबळीत गोचिडी? चौकात उभं राहून सांगू?" त्याचा आवाज चढला. "उद्या माझ्या नराला मादी कोण देईल? माझं पाखरू कोण हातात घेईल? हरलेला उस्ताद उस्तादच असतो, मंगल. गोचिडवाल्याला गल्लीत पण कुणी विचारत नाही."

"मग नानांच्या लाकडातनं आल्या म्हणून सांगा."

"म्हणजे सासऱ्यानं दिलेलं आंदण किडकं निघालं म्हणू? तुझ्या बापाचं?"

"बाप माझा हाय. मी म्हणते."

"तुला कट्ट्यावर बोलता येत नाही."

"तेवढंच एक बरंय तुमच्या मंडळाचं," मंगल म्हणाली, "शहाणं माणूस वर चढू देत नाहीत." आणि ती खाली निघून गेली.

विलास बराच वेळ ढाबळीकडं बघत बसला. उघडलेला सांधा त्यानं अंगठ्यानं दाबून बसवला. सांधा उघडल्यापासून त्याच्या तोंडावर हसू असं नव्हतं. ते आता आलं.

"पंचसाहेब," तो म्हणाला, "हरलो म्हटल्यावर ढाबळ मामांची झाली. न्हाई का?"

"पैज तशी आहे."

"मग सन्मानानंच पोचवली पाहिजे."

दिवेलागणीला कट्ट्यावर मंडळाचे पाच-सहा जण जमले. नानांची पाखरं साडेचारपर्यंत टिकली होती. मी दोन्हीकडच्या वेळा सांगितल्या. अध्यक्षांनी विचारलं, "विलासराव, काही तक्रार?"

"पाखरं ठणठणीत होती," विलास म्हणाला. "आमची हवा कमी पडली. मामा जिंकले."

टाळ्या पडल्या. दिलदार हरला, असं दोघे-तिघे म्हणाले. नानांनी उठून जावयाच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना उसाचा रस पाजला. मंडळाच्या इतिहासात इतकी सभ्य लढत झाली नव्हती. मी तशी बातमी दिली आणि दुसऱ्या दिवशी ती आतल्या पानावर तळाला आली.

त्याच दुसऱ्या दिवशी सकाळी ढाबळ निघाली. विलासनं हलगीवाला सांगितला होता. एकही फळी सुटी केली नव्हती. चौघांनी खांदा दिला, पुढं विलास स्वतः, डोक्याला फेटा. फटीतलं काही अंगावर येऊ नये म्हणून त्यानं खांद्यावर जाड घोंगडं घेतलं होतं. बाकीच्या तिघांना त्यानं तसं काही सांगितलं नव्हतं. मी मागून चालत होतो, जरा अंतर ठेवून.

नानांच्या गच्चीवर ढाबळ टेकली. नाना कंबरेवर हात ठेवून तिच्याभोवती एक फेरी मारून आले. कोरलेल्या खांबावरून बोट फिरवलं, आणि ते बोट धोतराला पुसलं.

"जावईबापू, काल तुमच्याकडं डॉक्टरीण आली होती म्हणं?"

"आल्या होत्या."

"कशाला?"

"मंगलची कोंबडी बघायला."

"मंगलनं कोंबडी कधी पाळली?"

"मेली," विलास म्हणाला.

नानांनी जावयाकडं पाहिलं. जावयानं नम्रपणे मान खाली घातली. दोघांच्या मध्ये ढाबळ होती आणि हलगी अजून वाजत होती.

"मामा, पाखरं कधी घालणार आत?"

"घालू," नाना म्हणाले. "मुहूर्त बघून."

मग त्यांनी दुकानातून चार पितळी वाट्या मागवल्या. ढाबळीचा एकेक पाय उचलायला लावून खाली एकेक वाटी सरकवली आणि चारी वाट्यांत रॉकेल ओतलं.

"मुंग्या लई झाल्यात," ते म्हणाले.

मंगल जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिनं वाट्या पाहिल्या. माझ्या बाजूनं खाली उतरताना हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे माहीत होतं." कुणाला, कधीपासून, हे तिनं सांगितलं नाही.

विलास जून महिन्यापासून दुकानात बसू लागला. घागरी चांगल्या पुसायचा. मी कधी गेलो तर स्टूल द्यायचा, चहा मागवायचा आणि पाखरांचा विषय काढायचा नाही. नानांच्या गच्चीच्या एका टोकाला त्यांची स्वतःची ढाबळ, दुसऱ्या टोकाला जिंकलेली. आलेल्यागेलेल्याला नाना ती लांबून दाखवत. आत एकही पाखरू नव्हतं. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची नानांची जन्माची सवय होती. त्या वर्षीपासून ते खाली माजघरात पंख्याखाली झोपू लागले. वय झालं, म्हणाले.

मंगल मात्र सोडत नव्हती. नागपंचमीला माहेरी आली की विचारायची, दिवाळीला विचारायची, बापाच्या साठीशांतीच्या जेवणावळीत पंक्तीत वाढता वाढता मोठ्यानं विचारलं.

"नाना, जावयाकडनं जिंकलेल्या ढाबळीत पाखरं कधी घालणार?"

"लाकूड अजून निवतंय," नाना म्हणाले. दुसऱ्या वेळी म्हणाले, वास्तूची दिशा बघायची आहे. एकदा म्हणाले, जोड मनासारखी मिळत नाही. दर वेळी विलास ताटाकडं बघत शांतपणे जेवत असायचा.

रॉकेल उडून जातं. वाट्या भरायला नाना स्वतः वर जायचे. पुढं गुडघे गेले. कुणाला सांगायचं म्हटलं तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं. पन्नास पायऱ्या चढून मुंग्यांसाठी रॉकेल घालायला गडी हसतात. तिसऱ्या उन्हाळ्यात नानांच्या कबुतरांची कुपवाडच्या एका उस्तादाशी लढत होती. मी तेव्हा पंच नव्हतो, खालून बघत होतो. नानांची पाखरं दहाच्या आत खाली बसली.

अध्यक्षांनी कट्ट्यावर विचारलं, "नाना, काही तक्रार?"

नाना काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. त्यांनी एकदा विलासकडं पाहिलं. विलास जावई म्हणून त्यांच्या शेजारीच बसला होता, पानाचा डबा घेऊन.

"पाखरं ठणठणीत होती," नाना म्हणाले. "हवा बरी नव्हती."

पुन्हा टाळ्या पडल्या. त्या लढतीत ढाबळीची पैज नव्हती, त्यामुळं कुपवाडचे उस्ताद हात हलवत परत गेले. आपण कशातून वाचलो, हे त्यांना अजून माहीत नसावं.

नानांनी त्यानंतर पाखरं उडवली नाहीत. ते जाऊन आता वीस वर्षं होऊन गेली. घर मंगल आणि विलासकडं आलं. नानांची ढाबळ विलासनं पहिल्याच वर्षी मोडली आणि पावसाळ्याच्या आधी बंबात घातली. जिंकलेली मात्र राहिली. ती जाळावी असं मंगल म्हणते. तो म्हणतो, मामांची आठवण आहे. तिच्या दाराची कडी कधीतरी गंजून पडली आणि गावातले पारवे आपणहून आत राहायला आले. पारव्यांनी मुहूर्त पाहिला नाही. त्यांची पिल्लं दर वर्षी आत होतात, आणि कठड्यावर येऊन बसतात ती फारशी उडत नाहीत, असं मंगलनं फोनवर सांगितलं.

तिनं फोन केला तो वेगळ्याच कारणासाठी. निपाणीकडचा एक तरुण कबूतरवाला गेल्या महिन्यात त्यांच्याकडं आला होता. आवटींच्या ढाबळीचं नाव त्यानं कुणा म्हाताऱ्या उस्तादाकडून ऐकलं होतं. असं सागवान आता मिळत नाही म्हणाला, जशीच्या तशी हवी म्हणाला, एकही फळी न हलवता. विलास म्हणाला, घेऊन जा. मंगल म्हणाली, आधी नीट तपासून घ्या, सांधे बघा, घाई करू नका, दिवसाउजेडी या.

तो गेल्या रविवारी दुपारी बाराच्या उन्हात आला, तासभर गच्चीवर होता. त्यानं फळ्यांवरून हात फिरवला, आत डोकं घालून पाहिलं, फोनचा दिवा लावून कानाकोपरा पाहिला. त्याला काही दिसलं नाही. टेम्पो घेऊन येतो म्हणून गेलाय. मंगलनं त्याचा फोन नंबर मागून घेतला आहे, पण त्याला काय सांगायचं आणि कुठून सुरू करायचं, हे तिनं मला विचारलं. मी कित्तूरबाईंचं नाव घेतलं. त्या कधीच निवृत्त झाल्या, कुठं असतात ते कुणाला माहीत नाही.

काल संध्याकाळपर्यंत टेम्पो आला नव्हता.